संपर्कासाठी माझाच नंबर

जबलपूरच्या गढा भागातून आणि आसपासच्या गावांतून ज्यांनी माझ्याकडे विमानाचं तिकीट काढलं, त्यांच्यापैकी बहुतेकांना अजूनही ठाऊक नाही की त्यांच्या तिकिटावरचा फोन नंबर माझा होता. नाव त्यांचं, वय त्यांचं, खिडकीजवळची जागा त्यांची. नंबर तेवढा माझा. ही लबाडी होती का? दुकान बंद करून दोन वर्षं झाली, तरी मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धंद्याबाहेरच्या माणसाला आधी एवढं सांगितलं पाहिजे, की विमान कंपनी प्रवाशाला ओळखते ती नावानं आणि संपर्काच्या नंबरानं. विमान उशिरा निघणार असलं, रद्द झालं, वेळ बदलली, की कंपनीचं यंत्र आपोआप त्या नंबरवर इंग्रजीत एक मेसेज सोडतं आणि आपलं काम झालं असं मानतं. मेसेज पोचला का, वाचला का, समजला का, हे बघायला तिकडे कोणी बसलेलं नसतं. ते बघायला गढ्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत, मी बसले होते.

त्या नंबरच्या जागी आम्ही एजंट लोक आपला नंबर टाकायचो. माझ्या ओळखीतले सगळेच टाकायचे. सांगायचं कारण असं, की गिऱ्हाइकं सारखी सिम बदलतात, कुंडमकडच्या लोकांना रेंज मिळते ती टेकाडावर चढल्यावर, आणि इंग्रजी मेसेज बँकेचा की विमानाचा हे सगळ्यांना ओळखू येत नाही. न सांगायचं कारण असं, की गिऱ्हाइकाचा नंबर कंपनीला मिळाला तर पुढच्या खेपेला कंपनी त्याला थेट बोलावणार, आणि मग माझा जिना कोण चढणार? दोन्ही कारणं खरी होती. पण माझ्यापुरतं तिसरंही एक होतं. मला ते आवडायचं.

माझे बाबा आरा मशीनवर लाकडं चिरायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या वेळी पदवीचा समारंभ वगैरे काही झाला नाही, ऑफिसच्या खिडकीशी सही करायची आणि कागद घ्यायचा. बाबा सोबत आले होते, केसांत भुसा तसाच. रंधा मारलेली फळी तपासावी तसा त्यांनी त्या कागदावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे." त्या गुळगुळीत कागदाच्या जोरावर मी गढ्यातली अशी बाई झाले, जिच्या फोनवर दिल्ली-हैदराबादच्या विमानांची खबर आधी यायची आणि जिच्या तोंडून ती मग साऱ्या मोहल्ल्याला कळायची. याचा मला गर्व होता. आहेसुद्धा, थोडा.

दुकानात दोन फोन होते. एक बोलायचा, एक नुसता मेसेजचा. भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा. मेसेज आला की मी फळ्यावर खडूनं विमान, नाव आणि नवी वेळ लिहायची, मग फोन लावायची: "भैया, आपका दो घंटा लेट है, आराम से खाना खाइए." लोकांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की पुढे स्वतःच्या फोनवर सगळं दिसायला लागलं तरी त्यांचा विश्वास बसेना. आमचे एक जोशी मास्तर होते. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं. मुलानं त्यांच्या फोनमध्ये सगळी व्यवस्था करून दिली होती, तरी घरातून निघताना त्यांचा फोन ठरलेला.

"वंदना, हे यंत्र म्हणतंय विमान वेळेवर आहे. तू काय म्हणतेस?"

"मी पण तेच म्हणते, मास्तर."

"मग ठीक. आमचे पूर्वज इथे घोड्यावर बसून आले, कोणाला विचारलं नाही. आणि आम्ही निघताना तुझी परवानगी मागतो. निघू?"

"निघा."

आणि एक पाठक काकू. त्या आयुष्यात विमानात बसल्या नाहीत, पण वर्षभर माझा जिना चढत होत्या. त्यांनी नवीन सिम घेतलं, ते नेमकं आधी कोण्या तिवारी नावाच्या माणसाचं होतं. कंपन्या बंद पडलेले नंबर पुन्हा वाटतात. तिवारीजींनी नंबर सोडला, पण विमान कंपनीला कळवलं नाही. त्यामुळे त्यांचं विमान कुठे अडकलं, किती वाजता निघालं, हे सगळं काकूंना समजायचं. म्हणजे मेसेज यायचा, आणि समजून घ्यायला त्या माझ्याकडे यायच्या.

"काय म्हणून राहिला आज?"

"काकू, मुंबईहून दिल्ली. तीन तास लेट. बंद करायला सांगू का कंपनीला?"

"नको गं. पोचला की नाही ते कळायला नको? बायको नसेल त्याला. बायको असती तर नंबर बदलल्याचं कंपनीला कळवलं नसतं का!"

एक दिवस मेसेज यायचे थांबले. काकू पुढचा महिनाभर मलाच विचारत होत्या, नोकरी तर नाही ना गेली बिचाऱ्याची.

हे सगळं गमतीचं. पण मेसेजांच्या धंद्यात एक गोष्ट अशी असते, जी बाहेरच्याला दिसत नाही. कंपनी एकाच विमानाबद्दल पाच-पाच मेसेज पाठवते. दहा मिनिटं पुढे, पाच मिनिटं मागे, पुन्हा होतं तिथेच. सुरुवातीला मी प्रत्येकासाठी फोन करायची. लोक चिडायचे. "दीदी, पाँच मिनट के लिए फोन?" म्हणून मी स्वतःचा एक नियम केला. पंधरा मिनिटांच्या आतला बदल असला तर फोन करायचा नाही, मेसेज पुसून टाकायचा. दिवसातून चाळीस-पन्नास मेसेज पुसले की बोट आपोआप चालायला लागतं. डोळा नुसता मिनिटांवर जातो.

आता नेवारे काकांबद्दल.

शालिकराम नेवारे. मूळचे गोंदियाकडचे, आमच्यासारखेच. सारी नोकरी कुंडमच्या लाकूड डेपोत चौकीदार म्हणून झाली. तिथलंच लाकूड बाबांच्या आरा मशीनवर यायचं, म्हणून ते मला बाबांचा डबा घेऊन जाणारी पोरगी म्हणून ओळखत. डेपोच्या कामानं त्यांना एक सवय लावली होती. पावतीशिवाय काही मानायचं नाही. त्यांच्या फाटकातून काडी जरी बाहेर गेली तरी पावती पाहिजे. दुकानातून दर वर्षी मी वाटायची ते कॅलेंडर घेतानाही विचारायचे, "सही कुठं कराची?"

एका फाल्गुनात ते जिना चढून आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड, कार्डाची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स.

"हैदराबादचं तिकीट पाहिजे पोरी. विमानाचं."

त्यांची मुलगी ममता तिकडे एम.एस्सी. झाली होती. विद्यापीठाचा दीक्षांत समारंभ होता, सकाळी दहा वाजता. आदल्या दिवशी दुपारचं जबलपूर-हैदराबाद विमान धरायचं ठरलं.

"पहिल्यांदाच बसून राहिले का विमानात?"

"नाही तर काय. ममता म्हणते रेल्वेनं येऊच नका, तुम्ही लोकायसंग गोष्टी करत भलत्याच स्टेशनावर उतरून जासान." मग टेबलावर वाकून, कोणी ऐकू नये असं म्हणाले, "तिथं स्टेजवर नाव घेतात म्हणे. पुरं नाव. ममता शालिकराम नेवारे."

"हो तर. बापाचं नाव मधे असणारच."

"माझं नाव आजवर माईकवर कोणी घेतलं नाही, पोरी. डेपोत घ्यायचे, ते शिवी जोडून." आणि हसले. "तेवढंच ऐकाचं आहे. एकदा ऐकलं का वापस येतो."

तिकीट काढलं. संपर्कासाठी माझाच नंबर टाकला. विमान दुपारी दोन पस्तीसला. मी छापील कागदावर लाल पेनानं लिहून दिलं: दोन तास आधी, साडेबाराला विमानतळावर पोचायचं. त्यांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. माझ्या हातचं लेखी होतं ते.

पुढच्या आठवड्यात त्या विमानाचे मेसेज आले. दहा मिनिटं पुढे. पाच मिनिटं मागे. पुन्हा दोन पस्तीस. माझ्या नियमाप्रमाणे पुसले. मग निघायच्या चार दिवस आधी आणखी एक आला. त्या दिवशी होळीच्या सुट्ट्यांची गर्दी होती, समोर सहा माणसं उभी होती. मेसेजात वेळ चोवीस तासांच्या हिशेबात असते. आधी 14:35 होतं, आता 12:35. मी पस्तीस बघितले आणि पुसलं.

ठरल्या दिवशी, दुपारचे साडेबारा होऊन गेले असतील, बोलायचा फोन वाजला.

"पोरी, इथला शिपाई म्हणते विमान चाललं गेलं."

"असं कसं होईल काका? दोन पस्तीसचं आहे."

"मी पण तेच म्हणून राहिलो. तो म्हणते, वो देखो काका, उड़ रहा है." पलीकडून विमानाची घरघर ऐकू आली. "उडून राहिलं खरं. मी पाहून राहिलो."

कुंडमहून सकाळच्या बसनं निघून, दोन ठिकाणी उतरून, माणूस मी सांगितलेल्या वेळेच्याही आधी डुमन्याच्या विमानतळावर पोचला होता, आणि फाटकाबाहेर पिशवी घेऊन आपलंच विमान उडताना बघत होता.

मी मेसेजचा फोन उघडला. पुसलेले मेसेज काही दिवस एका कोपऱ्यात पडून असतात. तिथे सापडला. बारा पस्तीस. अगदी स्वच्छ.

आणि मी फोनवर काय म्हणाले? म्हणाले, "काका, कंपनीनं कळवलंच नाही. हे लोक असंच करतात."

एवढ्या वर्षांत कंपनीच्या नावानं मी खूप बोलले, आणि बहुतेक वेळा खरंच बोलले. त्या दिवशी ते वाक्य इतक्या सहज तोंडातून निघालं, की खोटं बोलल्याचं मलाच जरा वेळानं कळलं.

दुकान भांडेवाल्याच्या भरवशावर टाकून ऑटोनं डुमन्याला गेले. काका बाकावर बसले होते, तिकिटाचा कागद हातात. मी समोर उभी राहून तेच पुन्हा म्हणाले, जरा जोरातच, आजूबाजूच्यांनाही ऐकू जाईल असं. "कंपनीची चूक आहे, काका. मेसेजच नाही पाठवला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "अच्छा." कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

त्या दिवशी हैदराबादला दुसरं विमान नव्हतं. रेल्वेनं सकाळी दहाच्या आत पोचणं शक्य नव्हतं. उरला एकच रस्ता: टॅक्सीनं नागपूर, तिथून रात्रीची स्लीपर बस, सकाळी हैदराबाद. मी टॅक्सी ठरवली आणि स्वतःही बसले. रस्ताभर बसचं तिकीट काढत होते. तिलवाऱ्याच्या पुलावर काकांनी खिडकीतून नर्मदेला हात जोडले. पूल ओलांडल्यावर मी उतरले. गाडीचं दार धरून उभी राहिले. तेव्हा बोलता आलं असतं.

"जा पोरी आता," तेच म्हणाले. "दुकान उघडं पडलं असंल."

सिवनीच्या पुढे जंगलाच्या रस्त्यावर ट्रक उलटला होता. गाड्यांची रांग लागली. हे मला टॅक्सीवाल्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच. संध्याकाळी दुकानात मेसेजचा फोन वाजला आणि त्यात होतं: आपली बस नागपूरहून निघाली आहे, शुभ प्रवास. त्या बसच्या तिकिटावरही मी माझाच नंबर टाकला होता. दुपारी एवढं रामायण झालं, तरी बोटं आपल्या वळणानंच गेली. ज्याची बस सुटली तो जंगलात अडकलेला, रेंज नाही. आणि बस सुटल्याची पक्की खबर गढ्यात, माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. पुढच्या बसनं पोचले होते. "पोचलो पोरी. काळजी करू नको." किती वाजता, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी ते पुन्हा जिना चढून आले. उन्हानं चेहरा काळवंडला होता. ममताला तिकडेच एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. तिची खोली लावून द्यायला त्यांना जायचं होतं. भांड्यांची एक यादीच सोबत आणली होती, खालच्या दुकानासाठी. मी पाणी दिलं. मग विचारलं, कारण न विचारणं अधिक वाईट झालं असतं.

"समारंभ कसा झाला, काका?"

"झाला म्हणतात." पाणी प्याले. "मी गेलो तं हॉल झाडून राहिले होते. पोरगी बाहेर पायऱ्यांवर बसली होती, काळा झगा घालून. सगळ्यायनं वापस केले होते. तिले झगे देणारा माणूस दोनदा मागाले आला, तिनं देला नाही. म्हणे, बाबा आल्याशिवाय नाही काढत."

"आणि नाव?"

"घेतलं म्हणते. बरोबर घेतलं म्हणते."

मला काहीतरी बोलायचं होतं, आणि जे सुचलं ते इतक्या वर्षांच्या सरावाचं होतं. "खरंच काका, या कंपन्यांना काही लाज नाही. एक मेसेज पाठवला असता तर..."

काकांनी पिशवी टेबलावर ठेवली. त्यातून तो तिकिटाचा कागद काढला, घडी उलगडली आणि उलटा करून माझ्याकडे सरकवला. मागच्या बाजूला निळ्या पेनानं कोणीतरी हिंदीत लिहिलं होतं: समय बदलने का संदेश इस नंबर पर भेजा गया. खाली चार दिवस आधीची तारीख. आणि माझा नंबर.

"मी म्हटलं कंपनीच्या बाहेरच्या काउंटरवाल्या भैयाले, लेखी दे. पावतीबिगर मी मानत नाही. त्यानं देलं बिचाऱ्यानं लिहून." काका शांतपणे बोलत होते. "मी चौथी पास. इंग्रजी येत नाही. पण हा नंबर तं माझ्या घरी भिंतीवर आहे ना पोरी, तुझ्याच कॅलेंडरावर. रोज दिसते."

म्हणजे मी डुमन्याला पोचण्याआधीच तो कागद त्यांच्या हातात होता. ते बाकावर बसले होते आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं कंपनीला दोष देत होते तेव्हाही. नर्मदेला हात जोडले तेव्हाही.

"तेव्हाच काहून नाही म्हटलं मला?" घरी बोलतो तसं तोंडातून निघालं.

"तू धावपळ करून राहिली होती. अजून काय म्हणाचं? आणि तुझ्या बाबानं किती कौतुकानं सांगितलं होतं डेपोत, पोरगी बी.कॉम. झाली म्हणून. साऱ्यायले चहा पाजला होता. ते आठवलं." कागद त्यांनी आणखी थोडा पुढे ढकलला. "हे ठेव. माझ्याजवळ राहून काय कराचं."

मग मी सांगितलं. सगळं. पंधरा मिनिटांचा नियम, होळीची गर्दी, पुसायची सवय. "मी मिनिटं बघितली काका. तास बघितलाच नाही." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डेपोत कोणी लाकूड कमी भरल्याचं कबूल केलं की ऐकत असतील तसं. माफ केलं असं म्हणाले नाहीत. ते शब्द त्यांनी मला कधीच ऐकवले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत.

"चलो," शेवटी म्हणाले, "तिकीट काढ."

मी नाव टाकलं. शालिकराम नेवारे. वय टाकलं. संपर्काच्या रकान्यावर थांबले आणि विचारलं, "नंबर सांगा, काका." दुकान उघडल्यापासून हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच विचारत होते.

त्यांनी एकेक आकडा सुटा करून सांगितला, दर आकड्यानंतर माझं बोट उठल्याची खात्री करून. मग म्हणाले, "तुझाबी टाक."

"एकच जागा असते."

त्यांनी जरा विचार केला. "मग माझाच राहू दे. पण मेसेज आला का मी तुले फोन करीन. उचलशीन ना?"

त्या दिवसानंतर मी प्रत्येक तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा नंबर टाकायला लागले. धंद्याचं म्हणाल तर जे व्हायचं होतं तेच झालं. हळूहळू लोक थेट तिकडे गेले, जिना रिकामा झाला. कॅलेंडरावर खाली मात्र एक चौकोन छापून घेतला: उशिरा, लवकर, रद्द, वेळ बदलली, या चार गोष्टींना मेसेजात कोणते इंग्रजी शब्द येतात, आणि चौदा म्हणजे दुपारचे दोन. पाठक काकूंनी तो चौकोन कापून फ्रिजवर लावला. तिवारीजींचा मेसेज पुन्हा आलाच, तर तयारी असावी म्हणून.

काकांच्या त्या दुसऱ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, दुपारी, फोन वाजला. पलीकडे वारा ऐकू येत होता. टेकाडावर चढले असणार.

"मेसेज आला पोरी. वाचू?"

"वाचा, काका."

"चौदा." आणि थांबले. मी पुढची वाट बघत राहिले.

"काका? पुढे?"

"आधी तास लिहून घे," नेवारे काका म्हणाले. "मिनिटं मग सांगतो."

मी उठले, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात चौदा लिहिले.

"लिहिला, काका."